विमानाचं तिकीट नेमकं कधी काढायचं?

रातराणी
नमस्कार मंडळी, हा विषय तुकड्या-तुकड्याने बर्‍याच ठिकाणी येऊन गेलाय पण एका जागी नीट सापडत नाही म्हणून वेगळा धागा काढतेय. बहिणीला बाळ होणारे, तिच्याकडे जायचंय, आई-बाबा, आम्ही दोघं आणि मुलगा असे पाच जण. लांबचा आंतरराष्ट्रीय प्रवास, मधे एकदा विमान बदलायचं. अजून साधारण सात महिने आहेत, तारखा दोन-चार दिवस मागेपुढे चालतील पण फार नाही, कारण शाळेची सुट्टी. आता घरात तीन पक्ष झालेत, नवरा म्हणतो आत्ताच काढून मोकळी हो, बाबांना कुणीतरी सांगितलंय की मंगळवारी मध्यरात्री काढायचं, आणि ऑफिसमधली मैत्रीण म्हणते शेवटच्या आठवड्यात रिकाम्या सीट्स कंपन्या फुंकून टाकतात तेव्हा घे. मी रोज बघतेय आणि रोज वेगळा आकडा दिसतोय, काल वाढला, आज उतरला. यात काही लॉजिक आहे का हो? ज्यांना आतली माहिती आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

धूमकेतू
मंगळवारचं मीही वर्षानुवर्षं ऐकतोय. आणि दुसरं म्हणजे ब्राउझरच्या इन्कॉग्निटो (खाजगी) मोडमधे बघा, नाहीतर साइटला कळतं की तुम्ही परत परत बघताय आणि भाव वाढवतात.

भटकभवानी
रातराणी, आधी अभिनंदन मावशी होणार म्हणून :)
शेवटच्या आठवड्याची वाट अजिबात बघू नकोस, पाच जण आणि शाळेची सुट्टी म्हणजे तर नाहीच नाही. बाकी सविस्तर रात्री लिहिते.

आकडेमोड
मी कामानिमित्त या क्षेत्राच्या जवळ राहिलोय त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे विमानातल्या इकॉनॉमीच्या सगळ्या सीट्स दिसायला सारख्या असल्या तरी विकायला सारख्या नसतात. कंपनी त्यांचे गट पाडते, प्रत्येक गटाला इंग्रजी वर्णमालेतलं एक अक्षर, म्हणजे फार तर 26 गट, आणि ते सगळ्या क्लासेसना मिळून. बोलीभाषेत याला बकेट म्हणतात. वाय म्हणजे सहसा पूर्ण भाड्याची इकॉनॉमी, आणि खालची क्यू, एल, के वगैरे अक्षरं कंपनीगणिक वेगवेगळ्या सवलतीच्या भाड्यांना दिलेली असतात. प्रत्येक बकेटमधून किती सीट्स विकायच्या हे आधी ठरवलेलं असतं आणि सिस्टीम ते सतत बदलत असते. सगळ्यात खालची बकेट भरली किंवा बंद केली की तुम्हाला त्याच्या वरची दिसते, म्हणून तुम्हाला वाटतं "भाडं वाढलं". प्रत्यक्षात ते भाडं तेच असतं, फक्त त्या भाड्याची सीट उरलेली नसते. आणि कुणी होल्ड केलेलं बुकिंग सोडलं किंवा अपेक्षेपेक्षा विक्री कमी झाली की खालची बकेट परत उघडते, म्हणून आज उतरलं. तुम्हाला रोज जी वरखाली दिसतेय तिच्यातला मोठा भाग हा आहे.

हे सुरू कसं झालं तेही सांगतो कारण त्यातूनच "कधी" चं उत्तर मिळतं. 1972 मधे ब्रिटिश ओव्हरसीज एअरवेज कॉर्पोरेशनमधल्या केन लिटलवुड यांनी एक साधा नियम मांडला: स्वस्तातला प्रवासी आत्ता समोर उभा आहे, त्याला सीट द्यायची की महाग तिकीट घेणारा नंतर येईल म्हणून राखून ठेवायची? तर महागवाला येण्याची शक्यता गुणिले त्याचं भाडं, हे स्वस्त भाड्यापेक्षा जास्त असेल तर राखून ठेवायची. बस एवढंच. 1978 मधे अमेरिकेत भाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठवणारा कायदा आला, नव्या स्वस्त कंपन्या आल्या, त्यात पीपल एक्सप्रेस सगळ्यात गाजलेली. तिला तोंड द्यायला अमेरिकन एअरलाइन्सने 1985 मधे त्याच विमानातल्या काही सीट्स तिच्याइतक्या स्वस्त केल्या, पण आगाऊ खरेदीची वगैरे अट घालून, आणि बाकीच्या सीट्स घाईने प्रवास करणार्‍यांसाठी जपल्या. पीपल एक्सप्रेसकडे असा हिशोब करणारी यंत्रणा नव्हती, पुढच्याच वर्षी, 1986 मधे ती विकली गेली. 1987 मधे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात पीटर बेलोबाबा यांनी लिटलवुडचा नियम अनेक बकेट्सना कसा लावायचा ते मांडलं आणि आजच्या सिस्टीम्सच्या मुळाशी तेच आहे.

आता याचा अर्थ बघा. शेवटच्या दिवसांत येणारा माणूस कोण असतो? ऑफिसच्या कामाचा, किंवा घरी काहीतरी झालंय म्हणून धावणारा. तो पैसे देतोच. त्यामुळे शेवटी सीट रिकामी गेली तरी चालेल पण स्वस्तात विकायची नाही, कारण एकदा लोकांना कळलं की शेवटी स्वस्त मिळतं तर सगळेच थांबतील. तुमच्या मैत्रिणीने सांगितलेलं शेवटच्या मिनिटाचं स्वस्त तिकीट हे मुख्यतः टूर कंपन्यांच्या चार्टर, म्हणजे अख्ख्या भाड्याने घेतलेल्या विमानांचं असायचं, नियमित विमानांना ते लावू नका.

धूमकेतू
मस्त समजावलंत. पण मग मंगळवार आणि इन्कॉग्निटो दोन्ही खोटं?

आकडेमोड
मंगळवारच्या मागे थोडं तथ्य होतं एके काळी. कंपन्या आपली भाडी एटीपीको नावाच्या सामाईक संस्थेकडे नोंदवतात आणि तिथून ती सगळ्या बुकिंग सिस्टीम्सना जातात. पूर्वी ही नोंदणी दिवसातून ठरावीक वेळाच व्हायची, एखादी कंपनी आठवड्याच्या सुरुवातीला सेल लावायची आणि बाकीच्या दुसर्‍या दिवशी बरोबरी करायच्या. आता भाडी दिवसभर हलतात आणि बकेट्स तर क्षणोक्षणी. गूगल फ्लाइट्सने 2022 मधे अमेरिकेतल्या पाच वर्षांच्या भाड्यांचा आढावा दिला होता, त्यात मंगळवारी *बुक* करण्याचा फायदा दोन टक्क्यांच्या आतच निघाला, पण सोमवार ते बुधवार *निघणारी* विमानं वीकेंडपेक्षा साधारण 12 टक्के स्वस्त होती. म्हणजे वार महत्त्वाचा आहे, फक्त उडण्याचा, खरेदीचा नाही.

इन्कॉग्निटोबद्दल, परत परत बघितल्यावर आकडा वाढतो तो बहुतेक वेळा यामुळे की सर्च साइट्स काही काळापूर्वी साठवलेला आकडा दाखवतात आणि तुम्ही क्लिक केल्यावर कंपनीला खरंखुरं विचारतात, तोवर ती बकेट गेलेली असते. इन्कॉग्निटो वापरायला हरकत काहीच नाही पण त्याने बकेट उघडत नाही.

कोरीपाटी
फार छान धागा. माझा प्रश्न, हे सगळं मान्य केलं तर सगळ्यात आधी, म्हणजे बुकिंग उघडल्या उघडल्या काढणं सगळ्यात स्वस्त नाही का पडणार? तेव्हा तर सगळ्या बकेट्समधे सीट्स शिल्लक असतील.

भटकभवानी
नाही ना, इथेच गंमत आहे. मोठ्या कंपन्या साधारण 330 ते 360 दिवस आधी बुकिंग उघडतात, पण तेव्हा त्यांनाही मागणीचा अंदाज नसतो, स्पर्धक कंपन्यांनी वेळापत्रकं पक्की केलेली नसतात, सेल कुणी लावलेला नसतो, त्यामुळे सगळ्यात खालच्या बकेट्स कित्येकदा बंदच ठेवतात. इतक्या आधी कोण काढतो? ज्याला जायचंच आहे तो. त्याला सवलत कशाला द्यायची! शिवाय विमान वाहतुकीचे दोन सीझन असतात, उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होतं आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, आणि कमी भाड्याच्या कंपन्या बर्‍याचदा पुढच्या सीझनची विमानं एकदम घाऊक विक्रीला काढतात, वर्षभर आधी तिथे काही दिसतच नाही. मग लोक समोर दिसतंय त्या एकाच महागड्या कंपनीचं घेऊन बसतात.

माझा ठोकताळा असा: छोट्या, देशांतर्गत प्रवासाला एक ते तीन महिने आधी, लांबच्या आंतरराष्ट्रीयला दोन ते सहा महिने आधी, आणि सुट्ट्यांच्या गर्दीच्या तारखा असतील तर त्या मुदतीच्या आधीच्या टोकाला, प्रसंगी त्याच्याही आधी. गर्दीच्या दिवसात कंपनीला माहीतच असतं की विमान भरणार, मग खालच्या बकेट्समधे चारदोनच सीट्स ठेवतात आणि त्या लवकर उडतात.

आणि एक पक्की भिंत लक्षात ठेवा. पुष्कळ भाड्यांना आगाऊ खरेदीची अट असते, 21 दिवस, 14 दिवस, 7 दिवस, कधी 3. म्हणजे प्रवासाला बावीस दिवस असताना जे भाडं होतं ते वीस दिवस उरल्यावर सीट शिल्लक असूनही मिळत नाही, कारण नियमच संपला. प्रवासाला तीन आठवडे उरलेत आणि तिकीट काढलेलं नाही असं होऊच देऊ नका.

निवांत
थोडी वेगळी बाजू मांडतो. मी वाट बघणार्‍यांतला आहे, आणि वाट बघणं म्हणजे जुगार नाही. ओरेन एट्झिओनी म्हणून वॉशिंग्टन विद्यापीठात संगणकशास्त्राचे प्राध्यापक होते, ते भावाच्या लग्नाला जाताना भरपूर आधी तिकीट काढून बसले आणि विमानात शेजार्‍यांना विचारलं तर नंतर काढणार्‍यांनी कमी पैसे दिलेले! त्यावरून त्यांनी 2003 मधे सहकार्‍यांबरोबर अभ्यास केला, 41 दिवसांतल्या 12,000 च्या वर किमतींच्या नोंदी घेऊन संगणकाला शिकवलं की आत्ता घे की थांब, आणि नुसत्या किमतींच्या चढउतारावरून, आतल्या बकेट्सची काहीही माहिती नसताना, जास्तीत जास्त शक्य बचतीच्या 60 टक्क्यांच्या आसपास बचत झाली. त्यातून फेअरकास्ट ही कंपनी निघाली, 2008 मधे मायक्रोसॉफ्टने घेतली, नंतर ती सोय बंद केली ते वेगळं. मुद्दा हा की भाव खाली येतात, आणि अंदाज बांधता येतो. लवकर काढलं म्हणजे स्वस्तच पडलं हे गृहीत धरू नका.

आकडेमोड
निवांत, मुद्दा बरोबर आहे पण तो अभ्यास मोजक्याच मार्गांवरचा होता, आणि त्यात संगणक रोज न थकता बघत होता. माणसाला भाव बदलला की कळवणारा अलर्ट लावून तेच करता येतं, एवढं मान्य. मात्र एक फरक आहे, चुकीचा फटका दोन्ही बाजूंना सारखा नसतो. वाट बघून भाव उतरला तर थोडा उतरतो, वाट बघून चढला तर खूप चढू शकतो. एकटा, तारखा मोकळ्या, ऑफ सीझन, मार्गावर चार-पाच कंपन्या असतील तर जरूर थांबा. पाच जण, ठरावीक तारखा, सुट्टी, आणि मार्गावर एक-दोनच कंपन्या असतील तर थांबण्यात मिळण्यासारखं कमी आणि जाण्यासारखं जास्त.

निवांत
हे पटलं. रातराणींच्या बाबतीत मीही फार थांबा म्हणणार नाही.

भटकभवानी
रातराणी, आता खास तुझ्यासाठी, आणि हे फार लोकांना माहीत नसतं. पाच जणांचं एकत्र सर्च करू नकोस, म्हणजे कर, पण आधी एकाचं करून बघ. खालच्या बकेटमधे तीनच सीट्स उरल्या असतील आणि तू पाच मागितल्यास तर बर्‍याच सिस्टीम्स तीन स्वस्त आणि दोन महाग असं देत नाहीत, पाचही जणांना वरच्या बकेटचं भाडं लावतात. एक, दोन, तीन असं वाढवत जा, कुठे आकडा एकदम उडी मारतो ते बघ. "या भाड्यात फक्त 2 सीट्स शिल्लक" असं जे लाल अक्षरात येतं तेही विमानातल्या सीट्सबद्दल नसतं, त्या बकेटबद्दल असतं. आणि एजंटच्या स्क्रीनवरही एका बकेटच्या जास्तीत जास्त 9 च सीट्स दिसतात, 9 म्हणजे 9 किंवा कितीही.

रातराणी
बापरे, किती माहिती! सगळ्यांचे मनापासून आभार. भटकभवानी, तू सांगितलंस तसं केलं आणि खरंच, तिघांपर्यंत एक आकडा आणि चौथा घातला की माणशी भाडं चांगलंच वाढतंय. मग आता तीन आणि दोन अशी वेगळी तिकिटं काढू का? आई-बाबा पहिल्यांदाच एवढ्या लांब येतायत त्यांची काळजी वाटते.

ओसरी
मी इतका वेळ नुसती वाचत होते पण या प्रश्नावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. बाई, वेगळी काढायची तर काढा, पण आई-बाबांना एकटं एका बुकिंगवर टाकू नका. एक बुकिंग म्हणजे एक पीएनआर, विमान रद्द झालं किंवा उशीर होऊन पुढचं चुकलं की सिस्टीम प्रत्येक पीएनआरची सोय वेगळी लावते, तुम्ही एका विमानात आणि म्हातारी माणसं दुसर्‍या दिवशीच्या विमानात असं होऊ शकतं. आई-बाबा आणि तुम्ही एका पीएनआरवर, नवरा आणि मुलगा दुसर्‍यावर, असं करा. आणि दोन्ही पीएनआर एकमेकांशी जोडून नोंद करा असं कंपनीला फोन करून सांगा, सीट्स शेजारी मिळायला मदत होते, मात्र त्यामुळे तिकीट एक होत नाही हे लक्षात असू द्या.

दुसरं, त्याहून महत्त्वाचं. मधे विमान बदलायचंय ना, तर पूर्ण प्रवास एकाच तिकिटावर घ्या. दोन कंपन्यांची दोन सुटी तिकिटं जोडून स्वस्त पडतं, साइट्स तसं जोडून दाखवतातही, पण पहिल्या विमानाला उशीर झाला आणि दुसरं गेलं तर दुसर्‍या कंपनीच्या लेखी तुम्ही आलाच नाहीत, तिकीट वाया. सामानही मधे बाहेर घेऊन परत द्यावं लागतं, काही देशांत त्यासाठी व्हिसा लागतो. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याला असंच रात्रभर विमानतळावर बसून सकाळी काउंटरवर शेवटच्या क्षणीचं भाडं भरावं लागलं, वाचवलं त्याच्या कितीतरी पट गेलं. सत्तरीच्या माणसांबरोबर हा धोका घेऊ नये. दोन विमानांमधे वेळही भरपूर ठेवा.

कोरीपाटी
ओसरीताई +1. अनोळखी स्वस्त साइटवरून घेण्याबद्दलही लिहा ना कुणीतरी. मला एका साइटवर सगळ्यात कमी आकडा दिसला आणि पैसे भरायच्या पानावर सामान, सीट, "सेवा शुल्क" मिळून कंपनीच्या स्वतःच्या साइटपेक्षा वर गेला.

ओसरी
शोधायला कुठलीही साइट वापरा, पण घेताना फरक थोडासाच असेल तर थेट कंपनीकडूनच घ्या. काही बिघडलं की मधल्याकडून घेतलेल्या तिकिटाला कंपनी म्हणते त्यांच्याशी बोला आणि ते म्हणतात कंपनीशी बोला, मधल्या मधे आपला जीव जातो. आणि तुलना नेहमी सगळं धरून करा, चेक-इन सामान किती, सीट निवडायचे पैसे, तारीख बदलायचा दंड. बेसिक नावाच्या भाड्यात बर्‍याचदा यातलं काहीच नसतं. बाळंतपणासाठी जाणार म्हणजे बॅगा भरून सामान असणार, तर सामानासकटचंच भाडं बघा.

आकडेमोड
ओसरीताईंच्या शेवटच्या मुद्द्याला जोडून, "कधी काढायचं" याचा निम्मा ताण तारीख बदलायची सोय असलेल्या भाड्याने जातो. रातराणी, तुमचं येणं बाळाच्या तारखेवर आहे आणि बाळं कॅलेंडर बघून येत नाहीत, त्यामुळे थोडे जास्त देऊन बदलता येणारं तिकीट तुमच्यासाठी खर्‍या अर्थाने स्वस्त आहे. फक्त नीट वाचा, "बदलाचा दंड नाही" म्हणजे बदल फुकट असं नव्हे, नव्या तारखेचं भाडं जास्त असेल तर फरक भरावाच लागतो.

आता माझा सल्ला सरळ: आज गूगल फ्लाइट्सवर किंवा तशा कुठल्याही ठिकाणी तारखा टाकून प्राइस अलर्ट लावा. तिथे त्या मार्गावर नेहमीच्या मानाने आत्ताचं भाडं कमी आहे, मध्यम आहे की जास्त तेही बरेचदा दाखवतात. दोन-तीन आठवडे नुसतं बघा, रोज नाही, अलर्ट आला की. तेवढ्यात तुम्हाला त्या मार्गाची नेहमीची पातळी कळेल. मग दोन गोष्टी कागदावर लिहा, एक आकडा आणि एक तारीख. आकडा आला की त्याच दिवशी काढायचं, अजून उतरेल का बघू म्हणायचं नाही. आणि आकडा आलाच नाही तर त्या तारखेला जे असेल त्यात काढायचं. सात महिने आहेत तर ती तारीख प्रवासाच्या साधारण चार महिने आधीची ठेवा. आठवड्याच्या मधले वार टाकून बघायला विसरू नका, तुमच्याकडे दोन-चार दिवसांची सवड आहे ती सोन्यासारखी आहे. जायची तारीख एक दिवस आणि यायची एक दिवस हलवली तरी मोठा फरक पडतो.

धूमकेतू
एक शंका, जाण्याचं आणि येण्याचं वेगवेगळं काढलं तर?

भटकभवानी
कमी भाड्याच्या कंपन्यांत आणि जवळच्या मार्गांवर चालतं, तिथे रिटर्न म्हणजे दोन वनवेची बेरीजच असते. लांबच्या मार्गांवर जुन्या मोठ्या कंपन्यांचं वनवे कधी कधी रिटर्नच्या जवळपास जातं. दोन्ही करून बघायचं, दोन मिनिटांचं काम. पण रिटर्न घेऊन जाण्याचा भाग वापरलाच नाही तर येण्याचा भाग आपोआप रद्द होतो, हे मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवा. विमान बदलायच्या गावीच उतरून पुढचा टप्पा सोडून द्यायची युक्ती काही जण सांगतात, त्यातही हेच, पुढचं सगळं रद्द आणि चेक-इन सामान शेवटच्या गावी.

रातराणी
ठरलं. अलर्ट लावलाय, आकडा आणि तारीख लिहून फ्रिजवर चिकटवलंय, नवर्‍याला आणि बाबांना दोघांनाही मान्य. तीन आणि दोन असे दोन पीएनआर ओसरीताईंनी सांगितले तसेच, पण दोन्ही एकाच विमानांचे, तारीख बदलता येणारे. शेवटचा प्रश्न, काढल्यावर भाव उतरला तर काही करता येतं का? की मग बघायचंच नाही?

आकडेमोड
पहिला दिवसभर जरूर बघा. अमेरिकेत नियमच आहे की प्रवासाला किमान 7 दिवस असताना कंपनीकडून थेट काढलेलं तिकीट 24 तासांत दंड न भरता रद्द करता यायला हवं, किंवा पैसे न भरता तेवढा वेळ भाडं राखून ठेवता यायला हवं. इतर ठिकाणीही बर्‍याच कंपन्या अशी मुभा देतात, अटी वाचून घ्या. या 24 तासांत नावांची स्पेलिंग्ज पासपोर्टशी ताडून बघा, नंतर नाव दुरुस्त करणं फार कटकटीचं असतं.

त्यानंतर भाव उतरला तर तुमच्या बदलता येणार्‍या तिकिटावर काही कंपन्या फरकाचं क्रेडिट देतात, विचारायला हरकत नाही. आणि एक गोष्ट बघत राहायची ती म्हणजे कंपनीचे मेल्स. इतक्या आधी काढलेल्या तिकिटाच्या वेळा बदलतातच. बदल किरकोळ असेल तर सोडून द्या, पण मधला वेळ फार कमी झाला किंवा विमान दुसर्‍या दिवशी गेलं तर "मान्य" वर घाईने क्लिक करू नका, आधी फोन करा. मोठा बदल कंपनीने केला असेल तर बहुतेक वेळा दुसर्‍या सोयीच्या विमानात फुकट घालून देतात, किंवा पैसे परत मागता येतात. अमेरिकेच्या 2024 च्या नियमात आंतरराष्ट्रीय प्रवासाला मोठा बदल ठरायची सीमा 6 तासांची आहे, देशांतर्गतला 3. दोन पीएनआर आहेत तर दोन्हींचे मेल्स वेगवेगळे येतील, दोन्ही बघा, आणि बदल करून घेताना दोन्ही नंबर एकाच फोनवर सांगा.